प्रश्न तुमचे : मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवताना

मागील अंकात प्रौढ साक्षरतेसाठी स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छिणाऱ्या किंवा सध्या करत असलेल्या वाचकांना आपले प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी काही येथे संक्षिप्त करून दिली आहेत आणि एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बँकेतील नोकरीतून निवृत्त झालो असून साताऱ्याजवळच्या एका गावात राहतो. नोकरीच्या काळात पैसे काढण्याच्या स्लिपवर अंगठा उठवणारे खातेदार रोज पाहिले. आता हाताशी वेळ आहे, तेव्हा अशा काही जणांना लिहायला-वाचायला शिकवावे असे मनात आहे. मात्र मी शिक्षक नाही आणि डी.एड.ही केलेले नाही. मला हे काम जमेल का, आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर : हा प्रश्न सातारा जिल्ह्यातून यावा याचे मला विशेष वाटले, कारण गावेच्या गावे साक्षर करण्याचा निर्धार करणारी महाराष्ट्रातील ग्राम शिक्षण मोहीम १९५९ साली आपल्याच जिल्ह्यात सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर नेण्यात आली. तेव्हाही हे काम गावातील शिक्षक आणि शिकलेले गावकरी यांच्याच खांद्यावर होते. डी.एड. नसणे ही आजही अडचण नाही. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी केंद्र शासनाने आखलेला ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. पंधरा वर्षे आणि त्यापुढील वयाच्या निरक्षर व्यक्तींसाठी तो आहे, आणि शिकवणाऱ्यास त्यात मानधन मिळत नाही. आपण गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे. नोंदणी शाळेमार्फत ‘उल्लास’च्या ॲपवर होते, आणि गावातील निरक्षर व्यक्तींची यादी बहुधा शाळेकडेच तयार असते.

ती यादी पाहून मोठा वर्ग भरवण्याची घाई मात्र करू नये. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, पुरुषांची ८८ आणि स्त्रियांची ७६ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांमागे जवळपास एक निरक्षर होती, आणि या स्त्रियांमध्ये आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुष्कळ आहेत. त्यांना तीस जणींच्या वर्गात फळ्यासमोर उभे करण्याने त्या पुन्हा येणार नाहीत. दोन किंवा तीन जणींपासून सुरुवात करावी, आठवड्यातील तीन दिवस आणि एक ठरावीक तास नक्की करावा, आणि तो तास त्यांच्या सोयीचा असावा. रात्रीची जेवणे आटोपल्यानंतरचा वेळ बहुतेकींना चालतो. सुगीच्या दिवसांत वर्ग बंद राहील हे आधीच मान्य करून टाकावे, म्हणजे गैरहजेरीची लाज वाटून कोणी कायमची गळत नाही. आपण मात्र ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी हजर असलेच पाहिजे. शिकवणारा दोनदा आला नाही, तर शिकणाऱ्या व्यक्तीची अशी समजूत होते की आपण शिकण्याजोगे नाही म्हणूनच हे गृहस्थ कंटाळले.

पहिल्या भेटीत पाटी-पेन्सिल काढू नये. बसून बोलावे आणि विचारावे की तुम्हाला नेमके काय वाचता यायला हवे आहे. उत्तरे अगदी ठोस येतात. कोणाला एसटीची पाटी वाचायची असते, कोणाला बचत गटाच्या वहीत आपल्या नावापुढे कोणता आकडा लिहिला आहे ते पाहायचे असते, कोणाला औषधाच्या पाकिटावरील खूण समजून घ्यायची असते, तर कोणाला देवळात सगळ्या जणी म्हणतात ते अभंग पुस्तकातून स्वतः वाचायचे असतात. हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम त्यातूनच ठरणार आहे.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकास आवर्जून सांगते. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. आयुष्यभर जवळून वाचण्याचा प्रसंगच न आलेल्या व्यक्तीला आपल्याला चाळिशी लागली आहे, हे ठाऊक नसते. सुईत दोरा नातवाकडून ओवून घेतला की तिचे काम भागते. असा डोळा छापील अक्षरावर नेला की सारे पुसट दिसते आणि ती म्हणते, “माझ्या डोक्यात शिरत नाही.” अडचण डोक्यात नसून डोळ्यांत असते. पहिल्याच आठवड्यात सर्वांना ग्रामीण रुग्णालयात नेऊन डोळे तपासून घ्यावेत. साध्या चष्म्याने जे साधते ते कितीही मायेने शिकवल्याने साधत नाही.

प्रश्न : आम्ही पुण्यातील महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी आहोत. शहराच्या कडेला सुरू असलेल्या एका बांधकामावरील मजूर स्त्री-पुरुषांना आम्ही संध्याकाळी शिकवतो. मुळाक्षरे गिरवून घेतली, स्वर झाले, ‘क’ ते ‘ज्ञ’ झाले, आता बाराखडी चालू आहे. पण पंधरा जणांपैकी चारच उरले आहेत, आणि त्यांनाही अक्षरे सुटी ओळखता येतात, शब्द मात्र वाचता येत नाही. आमचे काय चुकते आहे?

उत्तर : आपली चिकाटी मोलाची आहे, म्हणून स्पष्टच लिहिते : दिवसभर विटा-वाळू वाहून आलेल्या माणसाला ‘ङ’ आणि ‘ञ’ गिरवायला लावणे थांबवा. सहा वर्षांच्या मुलापुढे शाळेची दहा वर्षे पडलेली असतात. त्याला अक्षरांची रास आधी आणि अर्थ नंतर दिला तरी चालून जाते. मोठ्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी काहीतरी वाचता आले पाहिजे, मग तो एकच शब्द का असेना.

तो शब्द म्हणजे त्याचे स्वतःचे नाव. समजा, शिकणाऱ्या बाईंचे नाव कमल आहे. एका जाड कागदावर ठळक अक्षरांत ‘कमल’ लिहावे, त्यांनी त्यावर बोट फिरवावे, मग कात्रीने त्या कागदाचे तीन तुकडे करून मिसळावेत आणि त्यांना ते पुन्हा जुळवायला सांगावे. जुळवताना ‘क’, ‘म’, ‘ल’ हे तीन आवाज वेगळे होतात आणि परत एकत्रही येतात. त्याच तीन तुकड्यांतून ‘कल’ होते, ‘मल’ होते, आणि एक काना हातात दिला की ‘काम’, ‘माल’, ‘काल’, ‘कमाल’ असे शब्द निघू लागतात. ‘काम’ आणि ‘माल’ हे तर बांधकामावर दिवसभर कानावर पडणारे शब्द आहेत. आपल्या बोटांखालून ते तयार होताना पाहणे आणि ‘क, का, कि, की’ पाठ म्हणणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या दिवशी गावाचे नाव घ्यावे, तिसऱ्या दिवशी मुलांची नावे घ्यावीत. या चार-पाच नावांत मराठीतील नित्य वापरातली बरीच अक्षरे येऊन जातात, आणि ज्या क्रमाने ती येतात तोच त्या व्यक्तीचा क्रम मानावा.

ही रीत नवी नाही. ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस या गावात सुमारे तीनशे मजुरांना चाळीसेक तासांच्या अध्यापनात लिहायला-वाचायला शिकवले, ते त्यांच्याच रोजच्या जगण्यातील शब्द घेऊन. त्यांच्या पद्धतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण ‘वीट’ या अर्थाच्या शब्दाचे आहे. त्या शब्दाचे अवयव सुटे करून प्रत्येकाची स्वरांनुसार होणारी रूपे शिकणाऱ्यांपुढे मांडली जात, आणि त्यांतून शिकणारेच नवे शब्द घडवत. आपल्याला ही मांडणी बाराखडीच्या रूपाने आयतीच मिळालेली आहे. म्हणून बाराखडी टाकून द्यायची नाही. ती ओळखीच्या शब्दामागून येऊ द्यायची, एवढाच बदल आहे. तसेच वाचता आलेल्या शब्दाभोवती गप्पा होऊ द्याव्यात. ‘मजुरी’ हा शब्द वाचून झाल्यावर मजुरीबद्दल जे बोलणे निघते ते वर्गाबाहेरचे समजू नये. त्या बोलण्यासाठीच माणसे दुसऱ्या दिवशी येतात.

शब्द आवाजाने जुळू लागले की एक सोपा प्रयोग करावा. शिकणाऱ्यास दिवसभरातील एखादी गोष्ट एका वाक्यात सांगायला सांगावे आणि ते वाक्य जसेच्या तसे लिहावे. “आज लई ऊन होतं.” हे वाक्य त्याने स्वतः उच्चारलेले असल्याने वाचताना त्याला पुढचा शब्द अंदाजाने कळतो, आणि तो अंदाज अक्षरांशी ताडून पाहणे म्हणजेच वाचणे. येथे ‘लई’ खोडून ‘खूप’ लिहू नये. ‘पानी’ म्हणणाऱ्याला ‘पाणी’ हे छापील रूप कालांतराने दाखवता येईल, पण पहिल्या महिन्यात त्याची बोली सुधारू पाहणारा वर्ग त्याला गप्प करतो. पाठ असलेले अभंग किंवा आरती यांचाही असाच उपयोग होतो. ओळ तोंडात असते, तिच्याखाली बोट सरकवत नेले की कोणते अक्षर कोणत्या आवाजाचे, याचा उलगडा होत जातो.

अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के बसल्यावर काही दिवसांनी दुसरे आणावे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा, हे कोड्यासारखे वाटते, आणि ‘दिवस’ लिहिताना बरेच जण आधी ‘द’ काढून वेलांटी उजवीकडे देतात. त्यावर लाल खूण न करता तोच शब्द खाली योग्य रीतीने लिहून दोन्ही शेजारी ठेवावेत. जोडाक्षरे आणि रफार पुष्कळ उशिरा घ्यावेत. मात्र कोणाच्या आडनावातच जोडाक्षर असेल, तर ते आडनाव चित्रासारखे ओळखू द्यावे, त्याची फोड पुढे केव्हाही करता येते.

उरलेल्या चौघांपासूनच ही नवी सुरुवात करा. गेलेले अकरा जण त्याच आवारात राहतात, आणि शेजारीण घरी जाऊन आपल्या मुलाचे नाव लिहून दाखवते ते त्यांच्याही दृष्टीस पडते.

प्रश्न : मी नाशिकला भाजी मंडईजवळ राहते आणि दोन भाजी विकणाऱ्या मावशींना शिकवते. त्या तोंडी हिशेब माझ्यापेक्षा लवकर करतात. पावणेतीनशेतून एकशे पंच्याऐंशी गेले तर किती, हे मला कागद घ्यायच्या आत सांगतात. त्यांना गणितात मी काय शिकवायचे?

उत्तर : गणित त्यांना येतेच, आपण फक्त त्याचे लेखन शिकवायचे आहे, आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले तर त्यांचा संकोच निम्मा कमी होईल. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या मापांवर त्यांची जी पकड आहे ती शाळेत शिकलेल्या पुष्कळांकडे नसते. बेरीज-वजाबाकीची त्यांची रीत मोडून हातच्याची पद्धत लादू नये.

लेखनात जेथे गोंधळ होतो ती जागा शून्याची आहे. ‘एकशे पाच’ सांगितले की नवशिका हात १००५ लिहितो, कारण कानाला आधी शंभर ऐकू येते आणि नंतर पाच. यावर नोटा-नाण्यांइतके चांगले साधन नाही. शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या रकमांसाठी कागदावर तीन रकाने आखावेत, प्रत्यक्ष पैसे त्यांत ठेवावेत, आणि दहाचा रकाना रिकामा राहिला की तेथे शून्य लिहायचे हे डोळ्यांनी दिसू द्यावे. दुसरी अडचण ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या संख्यांची. ‘एकोणतीस’मध्ये ‘तीस’ ऐकू येत असल्याने ३९ लिहिले जाते. भावाच्या पाट्या लिहिण्याचा सराव दिला, म्हणजे आज टोमॅटो किती आणि मेथीची जुडी किती हे त्यांनी रोज स्वतः लिहायचे ठरवले, तर हा गोंधळ लवकर सुटतो, कारण चुकीचा भाव लिहिला की गिऱ्हाईकच विचारते.

अंकांच्या दोन्ही लिपी शिकवाव्या लागतील, कारण मोबाइलवर इंग्रजी अंक असतात आणि गावाकडच्या कागदांवर मराठी. याचेही साधन त्यांच्या गल्ल्यातच आहे. २०१६ पासून चलनात आलेल्या नव्या मालिकेतील नोटांवर रक्कम इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही अंकांत छापलेली असते, आणि मागील बाजूस पंधरा भाषांची जी पट्टी असते तिच्यात मराठीत ‘शंभर रुपये’, ‘पाचशे रुपये’ असे अक्षरी लिहिलेले असते. मावशींनी आयुष्यभर हाताळलेल्या नोटेवरील ही ओळ त्यांनी पहिल्यांदा शोधून वाचली की त्या दिवसाचा पाठ तेथेच थांबवावा.

प्रश्न : माझ्या सासूबाई पासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना शिकायचे आहे, पण मी शिकवायला बसले की दहा मिनिटांत आमच्यात काहीतरी बिनसते. माझे सांगणे त्यांना लागते आणि त्या वही मिटून उठतात. आता या वयात हा खटाटोप करावा का, असे घरचेही म्हणू लागले आहेत. (चिपळूण)

उत्तर : वयाचा प्रश्न आधी घेते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर ऐंशी ओलांडलेल्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन त्या शाळेत जाऊ लागल्या, आणि हे चित्र अनेकांनी वर्तमानपत्रांत पाहिले असेल. तेथे शिकवणारी तरुणी गावातीलच एक सून होती आणि विद्यार्थिनींमध्ये तिच्या सासूबाईही होत्या. तेव्हा सासूने सुनेकडून शिकणे अशक्य मुळीच नाही. पण ती शाळा घराबाहेर होती, सोबत गावातील इतर आजी होत्या, आणि सगळ्याच जणी एकदम चुकत होत्या. आपल्या स्वयंपाकघरात चुकणाऱ्या त्या एकट्याच आहेत, आणि ज्या सुनेला त्यांनी या घरची रीत शिकवली तिच्यासमोर चुकत आहेत. त्यांना लागणे स्वाभाविक आहे.

म्हणून अदलाबदल करून पाहा. शेजारच्या घरातील सून किंवा मुलगी आपल्या सासूबाईंना शिकवील आणि आपण तिच्या घरच्या आजींना शिकवाल, अशी व्यवस्था वाडीत सहज होऊ शकते. दोन्ही आजी एकत्र बसल्या तर आणखी बरे. घरात आपण एवढेच करावे की त्यांनी लिहिलेले कागद फेकले जाऊ देऊ नयेत, आणि नातवंडांना आजीच्या अक्षराला हसू देऊ नये. डब्यांवर हळद, तीळ, साखर अशा चिठ्ठ्या मात्र त्यांनाच लिहायला सांगा. तेथे सांगण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरला घरकाम करणाऱ्या काही महिलांना शिकवते. आता त्यांना सही करता येते. मात्र त्या माझ्याकडे कर्जाचे कागद, बँकेची पत्रे, कोर्टाची नोटीसही वाचायला आणतात. एकीने तर एटीएमचा पिन मला सांगून पैसे काढून आणायला सांगितले. मी कोठे थांबावे?

उत्तर : कागद वाचून दाखवण्यास हरकत नाही. तो त्यांच्याच देखत, मोठ्याने आणि पूर्ण वाचावा, आणि आपल्याला समजलेला अर्थ साध्या शब्दांत सांगावा. ‘सही करा’ किंवा ‘करू नका’ हा सल्ला देऊ नये. कायद्याच्या कागदांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते. पिन स्वतःकडे ठेवू नये आणि पैसेही काढून आणू नयेत. त्यांच्यासोबत यंत्रापर्यंत जावे, पडद्यावरील शब्द वाचायला मदत करावी आणि पिन दाबताना पाठ फिरवावी. जामीन राहणे, उसने देणे, ओळख म्हणून आपला पत्ता देणे यांपासूनही दूर राहावे, कारण असा व्यवहार फिसकटला की वर्गही तुटतो. शिवाय एकीच्या घरातील कागदात जे वाचले ते दुसरीला कळता कामा नये, ही तर या कामाची पहिलीच अट आहे.

सहीबद्दल थोडे अधिक लिहिणे मला गरजेचे वाटते. सही येणे हा अभिमानाचा क्षण असतो, पण जी व्यक्ती सही करू शकते आणि वाचू शकत नाही ती अंगठा उठवणाऱ्या व्यक्तीपेक्षा जास्त अडचणीत येऊ शकते. अंगठा पाहून समोरचा माणूस निदान कागद वाचून दाखवतो, अनेक ठिकाणी साक्षीदारही मागतो. सही पाहून तो गृहीत धरतो की हिने सारे वाचले आहे. जनगणनेतही केवळ सही करणाऱ्यास साक्षर मानत नाहीत. समजून वाचता आणि लिहिताही येणे अपेक्षित असते. म्हणून सही शिकवताना त्याच दिवशी दुसरे एक वाक्य शिकवावे : “हे आधी मला वाचून दाखवा.” रकमेचा आकडा, तारीख आणि स्वतःचे नाव या तीन जागा कागदावर शोधता आल्याशिवाय सही करायची नाही, असा सराव जुन्या पावत्या घेऊन करून घ्यावा. बँकेत आजवर अंगठ्यावर व्यवहार होत असेल, तर सहीचा नवा नमुना शाखेत जाऊन नोंदवावा लागतो. तो नोंदवण्याआधी वहीत तीच सही रोज सारखी येऊ लागली आहे ना, हे पाहावे, नाहीतर सही जुळत नाही म्हणून स्लिप परत येते आणि बाई पुन्हा शाईच्या पॅडकडे वळते.

प्रश्न : आमच्या भागात घरोघरी भिलोरी ही भिल्ल समाजाची बोली बोलली जाते. प्रवेशिका, म्हणजे वर्गात शिकवायचे पहिले पुस्तक, मराठीत आहे. शिकणाऱ्यांना मराठी समजते, पण बोलण्याचा सराव कमी आहे. काय करावे? (नंदुरबार)

उत्तर : पहिले शब्द भिलोरीतलेच घ्यावेत आणि ते देवनागरीत लिहावेत. वाचणे ही युक्ती माणूस एकदाच शिकतो, आणि ती ज्या भाषेत तो विचार करतो तिच्यात सर्वांत लवकर साधते. अक्षरे ओळखीची झाली की त्याच अक्षरांतून मराठी शब्दांकडे जाणे अवघड नाही. आपल्याला भिलोरी येत नसेल, तर गावातील दहावी-बारावी झालेल्या एखाद्या मुलीला सोबत घ्यावे आणि शब्द तिने सुचवावेत. तिच्यावर फक्त दुभाष्याचे काम न सोपवता तिलाच हळूहळू वर्ग घेऊ द्यावा.

प्रश्न : आमच्या वर्गातील आठ जण ‘उल्लास’च्या परीक्षेला बसणार आहेत. त्यांपैकी एक सुरक्षारक्षक काका परीक्षेच्या नावानेच घाबरले आहेत. या परीक्षेचे स्वरूप काय असते, आणि पुढे काही शिकायचे असल्यास मार्ग कोणता? (ठाणे)

उत्तर : ही पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची चाचणी असून ती दीडशे गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या प्रत्येक भागास पन्नास गुण असतात आणि प्रत्येक भागात ३३ टक्के मिळवावे लागतात. राज्यात ही परीक्षा पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी, रविवारी झाली. वेळ तीन तासांचा होता आणि सकाळी १० ते सायंकाळी ५ यांच्या दरम्यान आपल्या सोयीने येऊन बसता येत होते, कारण रोजंदारीवर जाणाऱ्यांना ठरावीक वेळ गाठणे जमत नाही. जे एखाद्या भागात कमी पडतात त्यांना ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो आणि पुन्हा बसता येते. काकांना ही शेवटची गोष्ट सर्वांत आधी सांगावी.

त्यांची भीती बहुधा प्रश्नांची नसून शाळेच्या इमारतीची असेल. लहानपणी जेथून मार खाऊन किंवा फीअभावी बाहेर पडावे लागले, तेथे साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा बाकावर बसायचे आहे. परीक्षेआधी एखाद्या रविवारी सर्वांना त्या शाळेत घेऊन जावे, वर्ग दाखवावा, बाकावर बसून जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी आणि स्वतःचे नाव रकान्यात लिहिण्याचा सराव करावा. पुरुष या वर्गांना कमी येतात ते लाजेपोटीच. जो येतो त्याची ओळख सोसायटीत किंवा कामाच्या ठिकाणी उघड होणार नाही, याची काळजी त्याने न सांगताही घ्यावी. काकांची रात्रपाळी असेल, तर त्यांना एकट्याला दुपारी शिकवण्यातही वावगे नाही. दिवसा राबणाऱ्यांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८५५ साली रात्रशाळा काढली, तेव्हा शिकणाऱ्याच्या कामाची वेळ सांभाळून शाळेची वेळ ठरवण्याची वाट आपल्याकडे फार पूर्वीच पडलेली आहे.

पुढच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत, आणि ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मानले जातात. राज्यातही मुक्त विद्यालयामार्फत पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. त्यानंतर दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचा सतरा नंबरचा अर्ज आहे. त्याच्या अटी आणि मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते, म्हणून शाळा सुरू होताच जवळच्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयात चौकशी करून ठेवावी. अर्जासाठी वयाचा पुरावा लागतो आणि कधीच शाळेत न गेलेल्यांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो. आधार कार्डावरील नाव आणि जन्मतारीख परीक्षेच्या नोंदणीतही तशीच लिहिली आहे ना, हे साक्षरतेच्या चाचणीचा अर्ज भरतानाच तपासून घ्यावे, कारण पुढचे सारे कागद त्याच नोंदीवरून तयार होतात.